पानामेरा हायब्रिड की हुराकान: शंभरपर्यंत बरोबरी, पण पिकअप वेगळा

कागदावर बघितलं तर या दोघींत निवड करणं कठीण आहे. पोर्शेची २०२४ची पानामेरा टर्बो एस ई-हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली सेडान, शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला २.९ सेकंदांत पोहोचते. २०१९ साली आलेली लॅम्बोर्गिनीची सुपरकार हुराकान इव्होही २.९ सेकंदांतच. कमाल वेग दोघींचा ताशी ३२५च्या घरात. पानामेरात चौघं ऐसपैस बसतात. हुराकानला सीट दोनच आणि सामानाला पुढे जेमतेम १०० लिटरची डिकी. मग सुपरकारची गैरसोय कशासाठी सोसायची? माझं मत असं, की आकडा एक असला तरी पिकअप एक नाही. तुमचा पाय बहुतेक वेळा कुठल्या वेगात अ‍ॅक्सिलरेटरवर पडतो, त्यावर गाडी ठरवा.

हा आकडा जुळतो कसा, ते आधी समजून घ्यायला हवं. १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. २.९ सेकंदांत तिथवर जायचं तर दर सेकंदाला वेग साधारण ९.६ मीटरने वाढायला हवा. वरून सोडलेला दगड ९.८ने खाली येतो. म्हणजे जवळपास गुरुत्वाकर्षणाइतका जोर, तोही आडवा, आणि रस्त्यावरच्या टायरमधून. इतक्या जोराला इंजिनाच्या ताकदीआधी टायरची पकड अपुरी पडते. दोन्ही गाड्या चारही चाकांना ताकद देतात. जड गाडीचा टायरवर भार जास्त, त्यामुळे पकडही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. म्हणून सव्वादोन टनांहून जड पानामेरा सुरुवातीला मागे पडत नाही.

खरा फरक दिसतो तो चालत्या गाडीत. समजा, ट्रकच्या मागे ताशी ६० वर आहात, गिअर वरचा पडलेला आहे आणि पुढे रस्ता मोकळा झाला. पानामेरात इंजिन आणि आठ गिअरचा गिअरबॉक्स यांच्यामध्ये १९० अश्वशक्तीची विजेची मोटर आहे. तिचा ४५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, पाय दाबताक्षणी हजर होतो; टर्बोत (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यात) हवा भरेपर्यंत थांबावं लागत नाही. मागोमाग आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन येतं आणि दोघांचे मिळून ७८२ अश्वशक्ती, १००० न्यूटन मीटर होतात. हुराकानच्या ५.२ लिटर, दहा सिलिंडरच्या व्ही-१० इंजिनाला टर्बो नाही. तिचा ६०० न्यूटन मीटर टॉर्क ६,५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आणि ६४० अश्वशक्ती ८,००० ला मिळते. त्यामुळे गिअरबॉक्सने आधी दोन-तीन गिअर खाली यायचं, इंजिनाने वर चढायचं आणि मग ओढ लागायची. गिअर झटपट पडतात हे खरं, तरी रोजच्या ओव्हरटेकला पानामेराच तयार वाटते.

ताशी १०० च्या पुढे मात्र पारडं फिरतं. तिथे टायर सुटत नाहीत; प्रश्न उरतो तो कुणाच्या वजनामागे किती ताकद आहे याचा. हुराकानचं कोरडं वजन १,४२२ किलो. पेट्रोल, तेल, पाणी धरूनही टनामागे ४०० अश्वशक्तीच्या वर पडते. पानामेरात हा आकडा साडेतीनशेच्याही आत राहतो. हुराकान ९ सेकंदांत २०० गाठते, म्हणजे दुसरं शतक अवघ्या ६.१ सेकंदांत. शिवाय इंजिन ५,००० वरून ८,००० वर जाताना जो आवाज चढत जातो, त्याची सर कुठल्याच मोटरला नाही. ज्याला हे मनापासून हवं आहे त्याने हुराकानच घ्यावी, त्यात व्यवहार बघू नये.

फक्त ते मिळणार कुठे, याचा विचार करा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला मर्यादा १०० ची, समृद्धीवर १२० ची. त्यापुढचं सुख रेसच्या ट्रॅकवर, म्हणजे चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाला. वर्षातून काही वेळा तिथे जाणार नसाल, तर पानामेराच घ्या असं मी सांगेन.

हुराकान आता जुन्या गाड्यांच्या बाजारातच शोधावी लागेल. तिच्या जागी आलेली टेमेरारियो स्वतःच हायब्रिड आहे: ९२० अश्वशक्ती आणि २.७ सेकंद. खालची ओढ आणि वरची धाव दोन्ही हवी असेल आणि पैशांची अडचण नसेल, तर तीही चालवून बघा.

टेस्ट ड्राइव्हला लॉन्च कंट्रोलच्या, म्हणजे उभ्या गाडीला पूर्ण ताकदीने सोडणाऱ्या सोयीच्या, मागे लागू नका. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० वर गाडी शांत चालू द्या आणि एकदम पाय दाबा. पानामेराची २५.९ किलोवॉट-तासांची बॅटरी भरलेली असताना आणि बरीच उतरलेली असताना, दोन्ही वेळा हेच करून बघा. स्पोर्ट प्लस मोडमध्ये इंजिन बॅटरी भरत राहतं, म्हणून साध्या हायब्रिड मोडमध्येही एक फेरी मारा. शोरूमवाले गाडी पूर्ण चार्ज करूनच समोर आणतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा.