खाडीत गरवण्यासाठी पावसाळी पोशाख : साडेचार महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, शाळा सांभाळून आठवड्यातून साधारण तीन दिवस, मी दाभोळच्या खाडीत गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला, गेलो. कधी धोपाव्याच्या बाजूच्या कातळावरून, कधी ओळखीच्या काकांच्या वल्ह्याच्या होडीतून. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे ज्याला मासे धरण्याची खरी ओढ आहे तो या दिवसांत खाडीकडेच वळतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून-जुलैतच येतो. म्हणजे गरवण्याचे दिवस आणि मुसळधार पावसाचे दिवस एकच. गेल्या वर्षीपर्यंत मी स्कूटरवर वापरायचा रेनकोट घालून जात असे आणि दर वेळी घरी परतल्यावर बनियन पिळून पाणी काढत असे. यंदा मात्र ठरवून तीन वेगवेगळ्या प्रकारचे पोशाख आळीपाळीने वापरले आणि कोणत्या दिवशी कुठून पाणी शिरले याची वहीत नोंद ठेवली. त्या नोंदींच्या आधाराने हे लिहीत आहे.

प्रथम स्कूटरचा रेनकोट गरवताना का हरतो ते सांगतो, कारण निवडीचा सगळा विचार तिथूनच सुरू होतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे हात पुढे आणि खाली असतात, पाऊस छातीवर येतो आणि बाहीवरून ओघळून मनगटापाशी खाली पडतो. गरी टाकणाऱ्याचा हात मात्र वर जातो. काठी खांद्यामागे नेऊन तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, फेकायची, मग हात छातीच्या उंचीवर धरून गुंडाळत राहायची. तंगुसाबरोबर वर आलेले खारे पाणी रिळावरून तळहातावर, तळहातावरून मनगटावर येते आणि हात उंचावला की बाहीच्या आत शिरून कोपरापर्यंत उतरते. जूनमधल्या एका सकाळी पाऊस अजिबात नव्हता, तरी दीड तासात माझी उजवी बाही आतून चिंब झाली होती आणि डावी कोरडी होती. त्या दिवशी पहिल्यांदा नीट लक्षात आले की मासेमाराचा पोशाख पावसाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हाताच्या हालचालींवर पारखला पाहिजे. होडीवाल्या काकांनी ते एका वाक्यात सांगितले होते : "सर, उभ्या माणसाचा रेनकोट वेगळा नि वल्ही मारणाऱ्याचा वेगळा."

मी घेतलेले तीन प्रकार असे. पहिला, चिपळूणच्या बाजारात अकराशे रुपयांना मिळालेला जाड पीव्हीसीचा संच, ज्यात जाकीट आणि खांद्यावर पट्टे असलेली छातीपर्यंतची विजार होती. दुसरा, चोवीसशे रुपयांचा पातळ नायलॉनचा संच, ज्याला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. तिसरे, पुतण्याने पुण्याहून आणलेले साडेनऊ हजारांचे जाकीट, ज्याच्या कापडात घामाची वाफ बाहेर सोडणारा पडदा असल्याचे सांगितले जाते. कोणत्याही उत्पादकाचे नाव मी लिहिणार नाही, कारण गुणदोष बहुतेक त्या त्या प्रकाराचे आहेत आणि एकाच कारखान्याच्या दोन नगांतही फरक पडू शकतो.

लेबलवर ५,०००, १०,०००, २०,००० असे मिलिमीटरचे आकडे छापलेले असतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपू लागते, याचे ते मोजमाप आहे. नुसत्या पडणाऱ्या पावसाला फार मोठा आकडा लागत नाही. प्रश्न बसण्याचा आणि गुडघा टेकण्याचा असतो. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे सुमारे दहा मीटर, म्हणजेच १०,००० मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. सत्तर किलोचा माणूस होडीच्या ओल्या फळीवर बसला आणि त्याचे वजन सातशे चौरस सेंटिमीटरवर विभागले गेले, तर दाब फक्त हजार मिलिमीटरचा होतो. तोच माणूस मासा आत घेताना एका गुडघ्यावर आला आणि पस्तीस किलो वजन पन्नास चौरस सेंटिमीटरवर पडले, तर हिशेब सात हजारांवर जातो. माझ्या पातळ नायलॉनच्या संचावर ५,००० छापले होते. जाकीट खांद्यावरून कधीच गळले नाही, पण विजारीत गुडघ्याला जुलैअखेरीस ओल जाणवू लागली. म्हणून जाकीट आणि विजार एकाच आकड्याची घेण्यात अर्थ नाही. विजार नेहमी जाकिटापेक्षा भक्कम असावी.

कापडापेक्षाही शिवण महत्त्वाची. सुई जिथून गेली तिथे भोक आहे आणि ते आतून पट्टी चिकटवून बंद केले नसेल तर कापड कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. दुकानात जाकीट उलटे करून खांद्याची, काखेची आणि विजारीच्या जांघेची शिवण पाहावी : चकचकीत पारदर्शक पट्टी सलग गेलेली दिसली पाहिजे, आणि चार शिवणी एकत्र येतात त्या चौकात ती उचलली गेलेली नसावी. घरी आणल्यावर मी आणखी एक परीक्षा घेतो. विजार उलटी करायची, दोन्ही पाय खाली दोरीने घट्ट बांधायचे, दांडीवर टांगून कमरेपर्यंत पाणी भरायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे. नायलॉनच्या विजारीच्या जांघेतून तिसऱ्या मिनिटाला एक थेंब फुटला, टपोरा होऊन ओघळला आणि त्याच जागी दुसरा उभा राहिला. दुकानदाराने ती विजार विनातक्रार बदलून दिली. हीच परीक्षा ऑगस्टमध्ये होडीत बसून झाली असती तर महिनाभर मला वाटत राहिले असते की फळीचेच पाणी लागते आहे.

आता घामाविषयी. कोकणात या पोशाखाची खरी कसोटी इथेच लागते आणि महागड्या जाकिटाने माझी सर्वांत जास्त निराशा इथेच केली. वाफ बाहेर सोडणाऱ्या पडद्याची कल्पना उत्तम आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई (टेफ्लॉन म्हणून ओळखले जाणारे प्लॅस्टिक) झटक्यात ताणून त्याचे सूक्ष्मरंध्री रूप मिळवले आणि पुढे त्यातून असे कापड तयार झाले, ज्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही पण वाफ बाहेर जाते. परंतु वाफ आपोआप जात नाही. आतल्या हवेतली वाफ बाहेरच्या हवेपेक्षा बरीच जास्त असेल तरच ती जोराने बाहेर पडते. थंड प्रदेशात हा फरक मोठा असतो. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवा सव्वीस-सत्तावीस अंशांची आणि दमटपणाने जवळजवळ भरलेली असते, त्यामुळे फरक थोडाच उरतो. शिवाय बाहेरच्या कापडावरून पाणी थेंब होऊन ओघळणे थांबले आणि ते कापडात जिरू लागले की वाटच बंद होते. खारे पाणी, चिखल आणि हाताला लागलेले माशाचे तेल यांमुळे माझ्या जाकिटाची ही अवस्था सहा आठवड्यांत झाली. साध्या पाण्यात धुऊन, बेताच्या गरम इस्त्रीखाली वरून फडके ठेवून शेकल्यावर थेंब पुन्हा उभे राहू लागले, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. सह्याद्रीत थंडीत ट्रेकला जाणाऱ्याने ते जरूर घ्यावे. खाडीवर मला साडेनऊ हजारांचा मोबदला मिळाला नाही.

त्यापेक्षा साध्या नायलॉनच्या जाकिटाला पाठीवर झडपेखाली असलेली जाळी आणि काखेत उघडणारी चेन अधिक उपयोगी ठरली, कारण तिथून हवा खरोखरच आत-बाहेर होते. लावणीच्या वेळी आपल्याकडे बायका जे इरले घेत, त्यात हीच गोष्ट साधलेली होती : बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवलेले ते छत अंगाला चिकटत नाही, वाकलेल्या पाठीवरून पाणी ओघळते आणि खालून वारा मोकळा फिरतो. होडीत ते चालणार नाही, खाडीचा वारा ते उचलून नेईल, पण जाकीट निवडताना मला त्याची आठवण हटकून येते. जाकीट एक माप सैल घ्यावे. आत सुती बनियन घालू नये, ते एकदा भिजले की दिवसभर गार लागते. पॉलिस्टरचा पातळ, पूर्ण बाहीचा टी-शर्ट घामाने भिजला तरी अंगावरच वाळतो.

पीव्हीसीचे जाकीट जड आहे, त्यात तासाभरात घाम सुटतो आणि वल्ही मारताना तर ते नकोसे होते. पण त्याच संचातली छातीपर्यंतची विजार मला यंदाची सर्वांत चांगली खरेदी वाटते. कमरेला जोड नसल्यामुळे वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही, फळीवरचे पाणी लागत नाही, माशाचा खवला आणि चिकटा फडक्याने पुसला जातो, आणि छातीजवळच्या खिशात मोबाइल कोरडा राहतो. सप्टेंबरात कातळावरच्या कालवांच्या धारेने गुडघ्याजवळ दोन इंच चीर गेली, तेव्हा त्याच संचातल्या जाकिटाच्या टोपीच्या काठाचा एक तुकडा कापून पीव्हीसीच्या डिंकाने तिथे चिकटवला. ती जागा आजही गळत नाही. नायलॉनला अशी दुरुस्ती इतकी सहज होत नाही.

टोपी, गळा आणि मनगट या तीन जागांवर दुकानात पाच मिनिटे जास्त घालवावीत. टोपीला पुढे ताठ चोच आणि मागे आवळायची दोरी हवी; मान वळवली की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर कापड डोळ्यांवर राहते आणि बाजूने येणारी होडी दिसत नाही. मी टोपीखाली साधी क्रिकेटची कॅप घालतो, चेहऱ्यावर पाणी येणे निम्म्याने कमी होते. गळ्याशी काकांचे पाहून पातळ पंचा गुंडाळू लागलो. कॉलरमधून उतरणारे पाणी तो शोषतो आणि अधूनमधून पिळून पुन्हा बांधता येतो. मनगटाला नुसते इलास्टिक पुरत नाही. बाहेर वेल्क्रोची पट्टी आणि आत मनगटाला चिकटून बसणारी दुसरी मऊ रबरी बाही असे दुहेरी तोंड असेल तर उजव्या हाताची ती जुनी तक्रार संपते. माझ्या नायलॉनच्या जाकिटाला ते नव्हते, म्हणून नीओप्रीनच्या (मऊ, स्पंजासारख्या रबराच्या) जुन्या मनगटपट्ट्या आतून वापरल्या आणि काम भागले.

खाऱ्या पाण्याचा राग सगळ्यात आधी धातूवर निघतो. एका जाकिटाची पितळी दिसणारी चेन पाचव्या आठवड्यात हिरवी पडून अडकली आणि मला ते डोक्यावरून ओढून काढावे लागले. होडी उलटली असती आणि ते अंगावरून काढणे भाग पडले असते तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री मनातून गेला नाही. तेव्हापासून जाड दातांची प्लॅस्टिकची चेन असल्याशिवाय मी काही घेत नाही, आणि महिन्यातून एकदा तिच्यावर मेणबत्ती घासतो. परतल्यावर पोशाख गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचा आणि पडवीत दांडीवर, सावलीत, उलटा करून वाळवायचा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर पीव्हीसी ताठरते. ओला घडी करून पिशवीत ठेवला तर पॉलियुरेथेनचा लेप चिकट होतो आणि पापुद्र्यासारखा सुटू लागतो. माझ्या आधीच्या रेनकोटाचे नेमके हेच झाले होते आणि त्याला येणारा आंबूस वास कशानेही गेला नाही.

रंगाच्या बाबतीत मी हट्टी झालो आहे. जुलैतल्या एका संध्याकाळी गडद निळे जाकीट घालून मी नांगरलेल्या होडीत बसलो होतो. समोरून येणारी होडी फार जवळ आल्यावर त्यातला माणूस ओरडला आणि त्याने ती वळवली. पुढे आल्यावर तो म्हणाला, "सर, तुमी दिसलातच नाय." पावसाळ्यात खाडीचे पाणी गढूळ, आभाळ करडे आणि काठ काळपट हिरवा असतो. त्यात निळा, राखाडी किंवा शिकाऱ्यांचा ठिपकेदार हिरवा रंग विरघळून जातो. पिवळा किंवा नारिंगीच घ्यावा, पाठीवर आणि बाह्यांवर उजेड परतवणारी पट्टी असावी. मासा पिवळा रंग पाहून पळतो असे कोणी सांगेल. गढूळ पाण्यातल्या माझ्या तांबोश्यांनी तरी त्याची दखल घेतलेली नाही.

लाइफ जॅकेट नेहमी रेनकोटाच्या वरून घालावे आणि दुकानात माप पाहताना तेही बरोबर न्यावे. विजारीचे पाय गमबुटाच्या बाहेरून सोडावेत, आत खोचले तर पाऊस सरळ बुटात जातो. गमबूट एक माप मोठे असावेत, म्हणजे पाण्यात पडल्यास झटकून काढता येतात. बुटात आणि विजारीत भरलेले पाणी माणसाला पाण्यात खाली ओढत नाही, पण होडीच्या काठावर चढताना त्याचे सगळे वजन अंगावर येते. शेवाळलेल्या कातळावर गमबुटांचा भरवसा नाही. तिथे मी पकड असलेल्या पट्ट्यांच्या सँडल घालतो आणि पाय भिजू देतो. आणि जूनच्या आरंभी किंवा परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला तर कार्बनची काठी आडवी ठेवून आडोशाला जावे. अंगावर कोणताही पोशाख असला तरी विजेपुढे त्याचा काही उपयोग नाही.

पुढच्या जूनसाठी माझी निवड ठरलेली आहे : हीच पीव्हीसीची विजार, आणि तिच्यावर पाठीला झडप, काखेत चेन, मनगटाला दुहेरी तोंड असलेले नारिंगी नायलॉनचे जाकीट, शिवणी पट्टीने बंद केलेले आणि तीन हजारांच्या आतले. तसे जाकीट चिपळुणात अजून हाताला लागलेले नाही. दाभोळला जाळी आणि दोरखंडाचे सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने मेअखेरीस माल येईल असे सांगितले आहे. तोपर्यंत विजार धुऊन, वाळवून, चेनला मेण लावून माळ्यावर घडी न करता दांडीवर टांगून ठेवली आहे.