बोडीत मोठा कटला वाढवून देणारी सेवा: आमचा अनुभव

भंडारा जिल्ह्यात मालगुजारी तलावांची, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या तलावांची, परंपरा जुनी असली, तरी खासगी बोडीत (शेतातल्या छोट्या तळ्यात) बाजारासाठी नव्हे, तर गळाने धरण्याच्या हौसेसाठी मोठा कटला मासा वाढवून देणारी सेवा दुर्मीळच आहे. आम्ही अशी एक सेवा घेतली आणि तिच्याविषयी मत एकंदरीत चांगले झाले. त्यांचा भर खाद्यापेक्षा विरळ संचयनावर, म्हणजे तळ्यात मोजकेच मासे सोडण्यावर, आहे आणि तो योग्यच आहे, कारण गर्दी झाली की मासे जगतात, पण अंग धरत नाहीत. बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, पिशव्या त्यांच्या माणसाने थेट न ओतता पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग बोडीचे पाणी थोडे थोडे आत घेतले आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू दिले. एवढी सबुरी आमच्याकडे सहसा दिसत नाही. हात कोपरापर्यंत बुडवण्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर पाण्यातले सूक्ष्म खाद्य वाढवण्यासाठी टाकले जाणारे शेणखत थांबवायचे, ही त्यांची खूणही उपयोगी आहे.

तक्रार मात्र गंभीर आहे. श्रावणातल्या ढगाळ हवेत पहाटे पाण्यातील प्राणवायू घटून मासे वर तोंड काढू लागले, तेव्हा त्यांनी फोन उचलला नाही आणि शेवटी धानाचा पंप लावून आम्हीच पाणी उडवत राहिलो. बोडीतले नकोसे तिलापिया मासे काढण्यासाठी जाळे ओढण्याचे पैसे वेगळे लागतात, हेही आधी सांगायला हवे होते.

वर्षभरात उत्पन्न हवे असणाऱ्यांनी किंवा ज्यांची बोडी उन्हाळ्यात आटते त्यांनी ही सेवा घेऊ नये.