चार हजारांचा प्रिंटर, साडेसात रुपयांचं पान

घरासाठी ऑल-इन-वन, म्हणजे छापणं, स्कॅन आणि झेरॉक्स तिन्ही करणारा प्रिंटर घेताना होणारी फसवणूक बहुतेक वेळा मशीनच्या किमतीत नसते. किंमत चार दुकानांत विचारून पडताळता येते. पैसे जातात ते नंतर, आधी शाईत, मग दुरुस्तीत आणि शेवटी ‘कंपनीच्या माणसाला’ केलेल्या एका फोनमध्ये. दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या मशीनमागे साधारण हाच क्रम असतो.

सुरुवात होते जून महिन्यात. शाळेचे प्रकल्प, प्रवेशाचे अर्ज, दाखल्यांच्या प्रती, त्यामुळे घरात प्रिंटर हवाच असं ठरतं. दुकानात काउंटरवर चार हजारांच्या आसपासचा छोटा ऑल-इन-वन मांडलेला असतो. शेजारी टाकीवाला, म्हणजे बाटलीतली शाई आतल्या टाकीत ओतायची असा असतो, बारा ते पंधरा हजारांचा. विक्रेता विचारतो, “घरी असं किती छापणार तुम्ही? मोठा कशाला घेताय?” बोलणं ग्राहकाच्या हिताचं वाटतं. त्या छोट्या मशीनचं कार्ट्रिज, म्हणजे शाईची बदलायची डबी, किती पानांचं आहे आणि नवं केवढ्याला येतं, हे मात्र तो आपणहून सांगत नाही.

आता हिशेब करू. सर्वात स्वस्त मशीनच्या साध्या काळ्या कार्ट्रिजमधून कंपनीच्याच आकड्यानुसार १२० च्या आसपास पानं निघतात, रंगीतमधून १०० च्या आसपास. कार्ट्रिज ९०० रुपयांचं धरलं तर काळं-पांढरं पान साडेसात रुपयांना पडलं, कागद वेगळा. टाकीवाल्या मशीनला ६५ मिलिलिटरची काळ्या शाईची बाटली लागते आणि ती सुमारे ४,५०० पानं देते. बाटली ४०० रुपयांची धरली तरी पान नऊ पैशांच्या आसपास येतं. महिन्याला ४० पानं छापणाऱ्या घरात वर्षाला ४८० पानं होतात, म्हणजे चार काळी कार्ट्रिज, ३,६०० रुपये. रंगीत धरलं तर दोन वर्षांच्या आतच ‘स्वस्त’ मशीन टाकीवाल्यापेक्षा महाग झालेलं असतं.

हे आकडेसुद्धा चाचणीच्या पानांवर मोजलेले असतात. कार्ट्रिजसाठी आयएसओ २४७११ या मानकाप्रमाणे ठरावीक पानं छापून पाहतात. त्यांवर शाई बेताचीच असते. मोजदादीसाठी दर रंगाला पानाच्या पाच टक्क्यांच्या आसपास जागा धरतात. मुलांच्या प्रकल्पातला महाराष्ट्राचा रंगीत नकाशा निम्मं पान व्यापतो, आणि तिथे १०० पानांचं कार्ट्रिज दहा-बारा पानांत आटपतं. शिवाय खोक्यात मिळणारं पहिलं कार्ट्रिज अनेकदा कमी भरलेलं ‘सेटअप’ कार्ट्रिज असतं. टाकीवाल्यातही पहिल्या भरण्यात बरीच शाई नळ्या भरण्यात जाते, म्हणून पहिली बाटली पुढच्या बाटल्यांपेक्षा कमी पानं देते. तो मात्र बिघाड नव्हे.

महिन्याला दहाच पानं लागत असतील तर प्रिंटर घेऊच नये, हे दुकानात कोणी सांगणार नाही म्हणून इथे स्पष्ट सांगायला हवं. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दोन-तीन रुपयांत पान देतो आणि त्याच्या मशीनचं हेड, म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग, सुकलं तर खर्च त्याचा. छापणं बहुतेक काळं-पांढरं आणि मध्ये महिना-महिना खंड असेल तर लेझर बरा, कारण टोनरची पूड सुकत नाही. फक्त सोबतचा टोनर ‘स्टार्टर’, म्हणजे कमी भरलेला आहे का आणि पूड कागदावर उतरवणारा ड्रम वेगळा विकत घ्यावा लागतो का, हे आधीच विचारून घ्यावं.

खोक्यावरच्या शब्दांकडे या. ‘ड्युप्लेक्स’ लिहिलं म्हणजे मशीन कागद आपोआप उलटेलच असं नाही. ‘मॅन्युअल ड्युप्लेक्स’ म्हणजे एक बाजू छापून झाल्यावर गठ्ठा हातानं उलटा लावायचा. स्कॅनरपुढचे मोठाले डीपीआयचे (एका इंचात किती ठिपके) आकडे बहुधा सॉफ्टवेअरनं ताणलेले असतात. पाहायचा तो ‘ऑप्टिकल’ आकडा. घरच्या कागदपत्रांना ३०० पुरतात. ए-४ पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की फाइल लहान (कॉम्प्रेस) करण्याआधी ते सुमारे २६ एमबीचं होतं, आणि ६०० ला त्याच्या चौपट. अर्जाच्या संकेतस्थळाला फाइल शेवटी काही केबींचीच हवी असते.

स्कॅनरची खरी अडचण काचेची लांबी. घरगुती मशीनची काच २९७ मिलिमीटरची, म्हणजे ए-४ पुरती असते. मुद्रांकावरचं जुनं खरेदीखत लीगल आकाराचं, ३५६ मिलिमीटरचं असेल तर खालच्या सह्या आणि शिक्के बाहेर राहतात. घरातल्या जुन्या दस्तांसाठी स्कॅनर घेत असाल तर वर कागद खेचणारा फीडर असलेलं आणि लीगल घेणारं मशीन लागतं. पण जीर्ण, घडीवर फाटलेला कागद फीडरमध्ये घालू नये. तो काचेवरच दोन टप्प्यांत स्कॅन करावा. जाड बांधणीच्या वहीचा मधला भागही बहुतेक स्वस्त स्कॅनरमध्ये धूसर येतो, कारण त्यातला पातळ सीआयएस सेन्सर काचेला टेकलेलंच नीट पाहतो. “स्कॅनर सगळे सारखेच” असं म्हणणाऱ्याकडून घाईनं काही घेऊ नका.

खोकं दुकानातच उघडून घ्या. वापरून परत आलेलं मशीन नवं म्हणून खपवणं हा जुना प्रकार आहे. खोक्यावरचा, मशीनच्या मागचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच हवा. टाकी आतून कोरडी, भिंतीवर शाईचा ओघळ नसलेली, आणि बाटल्या सीलबंद हव्यात. मागच्या लेबलवर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) खुणेशेजारी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासता येतो. पहिलं चालू केल्यावर स्टेटस पान किंवा ड्रायव्हरमधली (संगणकावरून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) प्रिंटरची माहिती बघा. तिथे आजवर छापलेल्या पानांची एकूण संख्या दिसते. ती शेकड्यांत असेल तर मशीन नवं नाही. लगेच नोझल चेकचं, म्हणजे हेडमधली शाईची सगळी छिद्रं मोकळी आहेत का हे रेषांतून दाखवणारं पान काढा, त्यावर तारीख लिहा आणि बिलासोबत जपून ठेवा. बिल पक्कं, जीएसटीचं. “कच्च्यावर पाचशे कमी करतो” म्हणणाऱ्याला नाही म्हणा, कारण वॉरंटीची तारीख त्या बिलावरून धरली जाते. टाकीवाल्या मशीनची वॉरंटी बरेचदा ‘एक वर्ष किंवा ३०,००० पानं, जे आधी होईल ते’ अशी असते. हे पानांचं बंधन विक्रेते क्वचितच सांगतात.

शाईची फसवणूक सर्वांत शांतपणे होते. दीडशे रुपयांची बाटली, रंग हुबेहूब, लेबलही जवळपास तसंच. शाई मुळात दोन प्रकारची. डाय पाण्यात विरघळलेली असते, पिगमेंटमध्ये बारीक कण तरंगतात. काही मशीनमध्ये काळी पिगमेंटची आणि रंगीत डायची असते, काहींत चारही डायच्या. चुकीची किंवा भेसळीची शाई महिनाभर व्यवस्थित छापते आणि मग नोझलमध्ये बसते. त्यामुळे बाटलीवरचा नंबर मॅन्युअलमधल्या नंबराशी जुळवून घ्यावा आणि छापील कमाल किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा क्रमांक नसलेली बाटली परत करावी.

कार्ट्रिजवाल्या मशीनमध्ये वेगळाच पेच आहे. काही मशीन दुसऱ्या कंपनीची चिप ओळखून छापणंच बंद करतात, तेही कधी कधी फर्मवेअर (मशीनमधलंच सॉफ्टवेअर) अपडेटनंतर, म्हणजे काल चालणारं कार्ट्रिज आज नाकारलं जातं. ही मर्यादा ग्राहकांना नीट सांगितली नाही म्हणून इटलीच्या स्पर्धा नियामकानं २०२० मध्ये एचपीला एक कोटी युरोचा दंड केला होता. घेण्याआधी खोक्यावरचा बारीक मजकूर वाचा. ‘फक्त मूळ कंपनीची शाई’ किंवा ‘इंटरनेट जोडणी आवश्यक’ असं असेल तर ते आयुष्यभराचं बंधन समजा.

मग छपाईत पांढऱ्या रेघा येतात. कारण बहुधा घरातच असतं. प्रिंटर भिंतीवरच्या बटणानं बंद केला की हेड टोपीखाली नीट जाऊन बसत नाही आणि शाई सुकते. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करावा, दिवे विझल्यावरच भिंतीवरचं बटण. आठवड्यातून एक रंगीत पान छापावं. रेघा आल्याच तर हेड क्लीनिंग लागोपाठ तीनदाच करावं, मग बारा तास मशीन तसंच ठेवून पुन्हा नोझल चेक घ्यावा. दहा वेळा क्लीनिंग करणाऱ्यांची शाई संपते आणि ती जाते मशीनच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये.

या पॅडवरच पुढची कमाई चालते. पॅडमध्ये किती शाई गेली याची मोजणी मशीन करतं आणि मर्यादा आली की छपाई थांबवतं. शाई भरलेली असते, हेड शाबूत असतं, पण दिवे लुकलुकतात. घरी आलेला कारागीर म्हणतो, “हेड गेलंय, साडेतीन हजार लागतील.” मशीन घेऊन जातो, संगणकावरून पाच मिनिटांत मोजणी शून्यावर आणतो आणि नव्या हेडचे पैसे लावतो. दुसरा प्रकार त्याहून घातक. कारागीर पॅड बदलल्याचे पैसे घेतो, पण मोजणीच फक्त पुसतो. काही महिन्यांनी तळातून शाई झिरपते, टेबल आणि गालिचा काळा होतो आणि कधी आतला बोर्डही जातो. उपाय सोपा आहे. देण्याआधी नोझल चेकचं पान काढा, परत आल्यावर दुसरं काढा आणि जुना भाग मागा. बदललेला पॅड काळा, भिजलेला, जड असतो, तो लपवता येत नाही. आधीच्या पानावर चारही रंगांच्या रेषा पूर्ण असतील तर हेड गेलेलं नव्हतं. मोजणी पुसण्याचं फुकट सॉफ्टवेअर नेटवरून उतरवून घरी प्रयोग करू नयेत. त्यातल्या अनेक फाइल्समध्ये व्हायरस असतो आणि अँटिव्हायरस बंद करायची सूचना तिथेच लिहिलेली असते. नवं मशीन घेताना ‘मेंटेनन्स बॉक्स (वाया गेलेली शाई शोषणारी डबी) घरी बदलता येतो का?’ हा प्रश्न जरूर विचारा. येत असेल तर ही सगळी कटकट टळते.

सर्वात मोठी रक्कम मात्र फोनवर जाते, आणि त्याची सुरुवात वायफायपासून होते. बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. घरातला फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो, प्रिंटरला नेटवर्क दिसत नाही. माणूस वैतागून गूगलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधतो. वर येते ती जाहिरात असते किंवा कंपनीसारखं दिसणारं बनावट पान. तिथे मॉडेल नंबर टाकला की ड्रायव्हर उतरत असल्याची पट्टी सरकते, नव्वद टक्क्यांवर थांबते आणि लाल अक्षरात चूक दाखवून फोन नंबर देते. खरं तर काहीच उतरत नसतं, ते नुसतं चित्र असतं.

फोनवरचा माणूस सभ्य, हिंदी-इंग्रजी चांगलं बोलणारा. तो एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला लावतो आणि त्यावरचा नंबर मागतो. तो नंबर सांगून परवानगी दिली की तुमचा पडदा त्याच्या हातात जातो. मग तो विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातल्या घडामोडींची नोंदवही उघडून लाल-पिवळ्या खुणांची यादी दाखवतो. तशी यादी ठणठणीत संगणकातही असते. नेटवर्कमध्ये व्हायरस आहे म्हणून तीन वर्षांच्या ‘संरक्षणाचे’ हजारो रुपये मागतो, किंवा नोंदणीचे फक्त दहा रुपये यूपीआयनं भरायला सांगतो. दहा रुपयेच, म्हणून हात मोकळा होतो, आणि फोनवरही तसंच ॲप असेल तर पिन टाकताना पडदा तिकडे दिसू शकतो. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये थेट ॲप बसवणारी) पाठवली तर ती एसएमएसमधले ओटीपी वाचण्यासाठी असते.

कंपनीचा नंबर मॅन्युअलमधून किंवा खोक्यावरून घ्यावा, शोधून नव्हे. राउटरमध्ये २.४ आणि ५ ची नावं वेगळी करून फोन आणि प्रिंटर दोन्ही २.४ वर आणले की बहुतेक जोडण्या होतात. ते जमेना तर यूएसबी केबल लावावी. हल्लीच्या विंडोजला अनेक मॉडेल आपोआप ओळखता येतात, आणि अँड्रॉइड ८ पासूनच्या फोनमध्ये छपाईची सोय मुळातच आहे.

पैसे गेलेच तर आधी वायफाय बंद करून समोरच्याची जोडणी तोडा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पिन स्वतः दिलेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे अर्धा तासही महत्त्वाचा. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा फोन नंबर आणि बनावट पानाचा पत्ता लिहून ठेवा, ॲप नंतर काढा.

दुकानदार किंवा कारागिराविरुद्ध आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. सोबत पक्कं बिल, सिरीयल नंबरचे फोटो, पानांची संख्या दाखवणारं स्टेटस पान आणि नोझल चेकची दोन्ही तारीखवार पानं जोडायची. पहिल्या दिवशी बिलासोबत ठेवलेलं ते पान इथे कामी येतं.