साखर, पाणी आणि आच : घरी केलेल्या पॅनकेक सिरपचे परीक्षण

पॅनकेक सिरप या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीचे परीक्षण करायचे असेल, तर तिच्या मागच्या बाजूचे लेबल आधी वाचावे लागते, कारण पुढच्या बाजूला छापलेली सोनेरी धार आणि लोण्याचा वितळता तुकडा यांवरून आतल्या द्रवाबद्दल फारसे काही कळत नाही. घटकांची यादी बहुधा मक्यापासून काढलेल्या कॉर्न सिरपने आणि हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरपने सुरू होते. त्यापाठोपाठ पाणी, दाटपणासाठी सेल्युलोज गम, रंगासाठी कॅरॅमल, कृत्रिम स्वाद आणि टिकण्यासाठी सोडियम बेन्झोएट किंवा सॉर्बिक आम्ल यांची नावे येतात. मेपलच्या झाडाचा रस अशा पुष्कळ बाटल्यांत थेंबभरही नसतो. यांपैकी प्रत्येक घटकाला नेमून दिलेले काम आहे आणि ते तो चोख बजावतो, हे मान्य करायलाच हवे. परंतु यादी वाचून झाल्यावर जे उरते ते रंग आणि वास दिलेले दाट, गोड पाणी असते, आणि मग तेवढेच करायचे तर स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यातून ते किती चांगले करता येईल, हे तपासावेसे वाटते. ब्राउन शुगर, पाणी, मीठ, लिंबू आणि व्हॅनिला एवढ्या सामग्रीवर घरी केलेल्या सिरपचे हे परीक्षण आहे, आणि तुलना सर्वस्वी त्या बाटलीशी आहे.

अस्सल मेपल सिरपशी तुलना करणे अन्यायाचे ठरेल. शुगर मेपल या झाडाच्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते, आणि असा सुमारे ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप हाती येते. या दीर्घ आटवणीत जे स्वाद तयार होतात, ते साखर आणि पाणी काही मिनिटे उकळून मिळणार नाहीत. मात्र त्या सिरपकडून एक मोलाचा आकडा उसना घेता येतो. तयार मेपल सिरपमध्ये वजनाने सुमारे ६६ टक्के साखर असते. अमेरिकेच्या अन्न नियमांतही टेबल सिरप म्हणवून घेणाऱ्या पदार्थात गोड घनपदार्थ किमान ६५ टक्के असावेत, अशी अट आहे. म्हणजे झाडाच्या रसाचे असो की कारखान्यातले, चांगले सिरप ६५-६६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते, आणि घरच्या पाकालाही नेमके तिथेच थांबवता आले तर निम्मे काम फत्ते होते.

ज्या कृतीचे हे परीक्षण आहे, तीत २०० ग्रॅम ब्राउन शुगर, १२० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ आणि अर्धा लहान चमचा लिंबाचा रस जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळले जाते. त्यानंतर ढवळणे थांबवून पाकाला उकळी आणतात, योग्य घनता आली की पातेले खाली उतरवतात आणि उकळी बसल्यावर एक लहान चमचा व्हॅनिला मिसळतात. सामग्री काढण्यापासून पातेले धुण्यापर्यंत पाव तासाच्या वर वेळ लागत नाही. पातेले मात्र खोलगट घ्यावे, कारण ब्राउन शुगरचा पाक फसफसून वर येतो, आणि उकळत्या पाकाचा चटका पाण्यापेक्षा अधिक खोल बसतो, कारण तो कातडीला चिकटून राहतो.

या कृतीचे यश कशावर ठरते, तर उकळणे कधी थांबवायचे या एका निर्णयावर. बहुतेक पाककृती इथे 'दाट होईपर्यंत उकळावे' असे सांगून मोकळ्या होतात, आणि माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे. साखरेचा पाक गरम असताना पातळच दिसतो. त्याचा खरा दाटपणा निवल्यावर प्रकट होतो. त्यामुळे चुलीवरच हवा तसा दाट दिसेपर्यंत जो उकळत राहील, त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी न ओघळणारा गोळा येईल. वर दिलेल्या प्रमाणाचा हिशेब केला तर हे आणखी स्पष्ट होते. २०० ग्रॅम साखर आणि १२० ग्रॅम पाणी मिळून ३२० ग्रॅम होतात, म्हणजे सुरुवातीलाच साखर ६२.५ टक्के असते. ती ६६ टक्क्यांवर न्यायची तर एकूण वजन सुमारे ३०३ ग्रॅम व्हायला हवे, म्हणजे जेमतेम १७ ग्रॅम पाणी उडायला हवे. चमचाभर पाण्याची ही बाब आहे, आणि मध्यम आचेवर ते काही मिनिटांत उडून जाते.

ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा वजनकाटा आहे, त्यांनी रिकाम्या पातेल्याचे वजन आधी टिपून ठेवावे. मग अंदाजाचा प्रश्नच राहत नाही. तापमापक असेल तर पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस वर थांबावे. समुद्रसपाटीला हा आकडा १०४ अंश येतो, परंतु उंचावरच्या ठिकाणी पाणी १०० अंशांच्या आतच उकळते, म्हणून आपल्या घरचे साधे पाणी कितीला उकळते ते एकदा पाहून त्यात ४ मिळवणे अधिक बरोबर ठरते. दोन्ही साधने नसतील तर पाकाचा थेंब थंड बशीवर टाकावा आणि निवल्यावर बोटाने तपासावा. चिकटपणा जाणवला पाहिजे, पण बोटे विलग करताना तार सुटता कामा नये. मिठायांसाठी पाक करणाऱ्यांचा हात सवयीने एकतारीकडे जातो, आणि सिरपच्या बाबतीत तीच सवय आवरावी लागते.

घरच्या सिरपचा दुसरा कस लागतो तो साठवणीत, कारण पाक साखरला की त्याची सगळी शान जाते. २० अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळून राहू शकते, म्हणजे द्रावणात ती साधारण ६७ टक्के होते. आपले सिरप या मर्यादेच्या अगदी काठावर उभे आहे. फ्रिजमध्ये तापमान उतरले की पाण्याची साखर धरून ठेवण्याची क्षमताही उतरते आणि जादा साखर खड्यांच्या रूपाने तळाशी बसू लागते. लिंबाच्या रसाचे काम इथे आहे. आम्ल आणि उष्णता यांच्यामुळे सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात, आणि द्रावणात तीन प्रकारच्या शर्करा मिसळल्या गेल्या की सुक्रोजच्या रेणूंना शिस्तीने एकमेकांशेजारी रचून स्फटिक बांधणे अवघड जाते. काही मिनिटांच्या उकळीत हे विघटन अर्धवटच होते, हे खरे. म्हणून अधिक खात्री हवी असेल त्यांनी साखरेतली ४० ग्रॅम कमी करून तितकेच ग्लुकोज सिरप किंवा मध घालावा. मधाचा स्वतःचा स्वाद मात्र लपत नाही, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध घातलेले सिरप देऊ नये. उकळी आल्यावर पाक न ढवळणे आणि पातेल्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने खाली उतरवणे, ही दोन पथ्ये पाळली तर साखरण्याला सुरुवात करून देणारे बीजच पाकात उरत नाही. याबाबतीत बाटलीतले सिरप उघडपणे सरस आहे. कॉर्न सिरप मुळातच साखरत नाही, त्यामुळे बाटलीला यातले कोणतेच पथ्य नसते.

स्वादाच्या बाबतीत मात्र पारडे पूर्णपणे फिरते, आणि मला घरचे सिरप पसंत पडते ते याच कारणासाठी. ब्राउन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेवर चढवलेला मळीचा थर. फिकट प्रकारात ही मळी सुमारे ३.५ टक्के आणि गडद प्रकारात सुमारे ६.५ टक्के असते. इतक्याशा मळीने पाकाला तांबूस रंग येतो, किंचित कडसर खोली येते आणि मीठ घातल्यावर तो नुसता गोड न लागता भरीव लागतो. गडद ब्राउन शुगर वापरली तर मळी व्हॅनिलावर मात करते. फिकट आणि गडद निम्मी-निम्मी घेतली तर तोल चांगला साधतो. फक्त पांढरी साखर घरात असेल तर तिच्यातली थोडी कोरडीच पातेल्यात वितळवून तांबूस करावी आणि मग हळूहळू गरम पाणी घालावे. रंग आणि स्वाद दोन्ही मिळतात, पण वाफेचा भपकारा जोरात येतो, म्हणून हात लांब ठेवावा. व्हॅनिला उकळत्या पाकात घातला तर त्यातला सुवासिक भाग वाफेबरोबर निघून जातो, त्यामुळे तो शेवटी घालण्याची सूचना कोणीही हलक्यात घेऊ नये.

मेपलचा भास हवाच असेल, तर त्याची गुरुकिल्ली मसाल्याच्या डब्यातल्या मेथीत आहे. मेथीला जो ओळखीचा वास असतो, त्यामागे सोटोलोन नावाचे संयुग आहे, आणि हेच संयुग मेपल सिरपच्या सुगंधातही आढळते. कृत्रिम मेपल स्वाद तयार करताना मेथीचा अर्क वापरण्याची पद्धत त्यातूनच आली. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून अधूनमधून मेपल सिरपसारखा वास पसरत असे आणि नागरिक चक्रावून तक्रारी करत. अखेर २००९ मध्ये त्याचा माग शेजारच्या न्यू जर्सीतील, मेथीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यापर्यंत लागला. घरी पाव लहान चमचा मेथीदाणे मंद आचेवर किंचित भाजून, उतरवलेल्या गरम पाकात दहा मिनिटे ठेवून गाळून घेतले तर हा भास पुरेसा उमटतो. दाणे करपले किंवा प्रमाण वाढले तर कडवटपणा उतरतो आणि तो झाकता येत नाही. बाटलीतल्या कृत्रिम स्वादापेक्षा हा वास मला अधिक सौम्य आणि अधिक खरा वाटला.

धारेचा विचार करताना बाटलीला तिचे श्रेय द्यावे लागते. सेल्युलोज गममुळे तिच्यातले सिरप गरम पॅनकेकवरही आपला दाटपणा राखून संथपणे कडेवरून उतरते. घरचे सिरप गरम पॅनकेकवर पडताच पातळ होते आणि लवकर आत मुरते. ही उणीव भरून काढण्यासाठी काही पाककृती कॉर्नफ्लोअर घालायला सांगतात, परंतु तो मार्ग मला पटला नाही. साखर पाणी धरून ठेवत असल्यामुळे दाट पाकात स्टार्च नीट फुलत नाही. फुलवायचा तर पाक पातळ ठेवावा लागतो. परिणामी गढूळ, खिरीसारखे काहीतरी तयार होते, जे फ्रिजमध्ये घट्ट होते आणि पुढे पाणी सोडते. त्यापेक्षा सिरप कोमट किंवा खोलीच्या तापमानाचे वाढावे आणि खाण्याच्या अगदी आधी ओतावे, म्हणजे पॅनकेकचा पोत टिकतो. लोण्याचेही तसेच आहे. पाकात उकळलेले लोणी निवताना वेगळे होऊन वर थर धरते आणि सिरपचे आयुष्यही घटवते. ते पॅनकेकवर वेगळे घालणे सर्व दृष्टींनी चांगले.

घरी केले म्हणून हे सिरप आरोग्यदायी ठरते, असा समज कोणी करून घेऊ नये. १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे २० ग्रॅम सिरप मावते आणि त्यात १३ ग्रॅम साखर असते. दोन चमच्यांत २६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त शर्करेतून, म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या साखरेतून आणि मध, सिरप, फळांचे रस यांतल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे २००० किलोकॅलरीच्या आहारात साधारण ५० ग्रॅम. दोन चमच्यांतच त्यातली निम्मी वाटणी संपते. गम, रंग आणि परिरक्षके टाळणे हाच ज्यांचा हेतू आहे, त्यांचा हेतू घरच्या सिरपने निश्चित साधतो. साखर कमी करणे हा हेतू असेल तर उपाय चमचे मोजण्यातच आहे.

परिरक्षके नसल्याची किंमत साठवणीत मोजावी लागते. ६६ टक्के साखरेच्या पाकात बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत, परंतु काही यीस्ट आणि बुरशी तग धरतात, आणि पाक पातळ राहिला असेल तर त्यांचे अधिकच फावते. म्हणून उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केलेली काचेची बाटली घ्यावी, सिरप फ्रिजमध्ये ठेवावे, ओला चमचा आत घालू नये आणि थोड्या दिवसांत संपेल एवढेच करावे. वरच्या प्रमाणात सुमारे २३० मिलिलिटर सिरप होते, म्हणजे दोन-दोन चमच्यांच्या सातआठ वाढण्या, आणि एका खेपेला एवढे पुरेसे आहे. फ्रिजमध्ये तळाशी खडे दिसले तर सिरप बिघडले असे समजू नये. चमचाभर पाणी घालून ते मंद आचेवर पुन्हा गरम केले की खडे विरघळतात. मात्र वर बुरशीचा ठिपका दिसला, आंबूस वास आला किंवा झाकण उघडताना वायू फसकन बाहेर पडला, तर वरचा थर काढून खालचे वापरण्याचा मोह न धरता सगळे सिरप टाकून द्यावे.