पहिला भाग पाहून ठरवायचंय? ‘स्कॉर्पियन’, ‘नंबर्स’, ‘रॉकेट बॉइज’ आणि ‘द क्वीन्स गॅम्बिट’

अचाट बुद्धीच्या माणसांवर नवी मालिका आली की पहिल्याच रात्री प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, डोकं वापरणारं काहीतरी आलं एकदाचं. दुसरा म्हणतो, असं कधी होतं का? दोघांचंही म्हणणं खरं असतं, पण त्यावरून आपण पुढचे साठ तास द्यावेत की नाहीत हे ठरत नाही. ठरवायचं असेल तर पहिल्या भागात एकच गोष्ट नीट पाहावी: हुशार माणूस उत्तरापर्यंत कसा पोचला, हे दाखवलंय की नुसतं सांगितलंय? उकल होते तिथे भाग थांबवा आणि शेजारी बसलेल्याला विचारा, ‘हे याला कसं कळलं?’ दोन वाक्यांत उत्तर आलं तर मालिका बुद्धीबद्दल आहे. ‘तो हुशार आहे म्हणून’ असं उत्तर आलं तर ती थराराबद्दल आहे. थरारही चांगला असू शकतो, फक्त आपण कशासाठी बसलोय ते माहीत असावं.

‘स्कॉर्पियन’ थराराच्या बाजूची. सीबीएस वाहिनीवर २२ सप्टेंबर २०१४ ला ती सुरू झाली आणि पहिला भाग अमेरिकेत एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सॉफ्टवेअर अपडेट करताना घोळ होतो, टॉवरचा विमानांशी संपर्क तुटतो, वर घिरट्या घालणाऱ्या विमानांचं इंधन संपत येतं. वॉल्टर ओब्रायन, माणसांची मनं वाचणारा टोबी, कुठलंही यंत्र जोडून देणारी हॅपी आणि आकडेमोडीत पटाईत पण सगळ्याला घाबरणारा सिल्व्हेस्टर, अशा चौघांना सॉफ्टवेअरची जुनी, न बिघडलेली प्रत हवी असते. ती असते एका विमानात. मग धावपट्टीलगत उडणारं विमान, त्याच्याखाली भरधाव फेरारी आणि विमानातून लोंबणारी केबल लॅपटॉपला जोडून डाउनलोड.

या प्रसंगावर सगळ्यात जास्त टीका झाली, पण ती बहुतेक गाडीवर झाली. गाडी त्यातला सगळ्यात कमी अशक्य भाग आहे. मोठं प्रवासी विमान उतरताना ताशी २४० ते २८० किलोमीटरच्या आसपास असतं; फेरारीला तो वेग जमतो. खरी चूक सॉफ्टवेअरची आहे. टॉवरची प्रणाली विमानाच्या संगणकात नसतेच. दोन्ही यंत्रणा पूर्ण वेगळ्या. शिवाय संपर्क तुटला म्हणून वैमानिक हताश होऊन घिरट्या घालत बसत नाहीत. ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा आकडा लावला की रडारवाल्यांना ‘रेडिओ बंद’ असा इशारा जातो. १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची वारंवारता असते. टॉवरमधून दिव्याची बंदूक रोखून खूण करता येते, त्यात स्थिर हिरवा दिवा म्हणजे ‘उतरा’. आणि जवळच बरबँक, ओंटारियो, लाँग बीच असे दुसरे विमानतळ आहेतच.

त्याच आकाशात १४ सप्टेंबर २००४ ला हे खरंच घडलं होतं. पामडेलच्या हवाई नियंत्रण केंद्राचा सुमारे ४०० विमानांशी आवाजी संपर्क तुटला. यंत्रणेतला एक काउंटर मिलिसेकंद मोजत मोजत शून्याकडे येत होता. ३२ बिटांच्या त्या काउंटरला संपायला ४९.७ दिवस लागतात. म्हणून दर ३० दिवसांनी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करायची असा दंडक होता. तो एकदा पाळायचा राहिला, काउंटर संपला, यंत्रणा बंद पडली आणि राखीव यंत्रणाही लगोलग गेली. काही विमानं ठरल्यापेक्षा जास्त जवळ आली. विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेनं वैमानिकांना सावध केलं आणि सगळे सुखरूप उतरले. म्हणजे वेळापत्रक न पाळल्यानं संकट आलं आणि आधीच करून ठेवलेल्या व्यवस्थेनं माणसं वाचवली. ‘स्कॉर्पियन’ला ही व्यवस्था पडद्यावर नको असते, कारण ती असेल तर चार हुशार माणसांची गरज उरत नाही. संगणक, विमान किंवा वीजपुरवठ्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना पहिल्याच भागात राग येतो तो यामुळे, आणि पुढच्या भागांत तो कमी होत नाही.

तरी याच भागातला एक प्रसंग चुकवू नये. उपाहारगृहात काम करणाऱ्या पेजचा मुलगा राल्फ फारसा बोलत नाही. तो टेबलावरच्या वस्तू इकडेतिकडे सरकवतोय आणि वॉल्टर समोरून काही वस्तू सरकवतोय. बाकीच्यांना तो चाळा वाटतो. ते दोघं बुद्धिबळ खेळत असतात. एक माणूस दुसऱ्याला ओळखतो आणि कसं ओळखतो ते आपल्याला दिसतं. चार पर्वं मालिका टिकली ती विमानांवर नाही, पेज आणि राल्फवर. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसून पाहायला या चार मालिकांत हीच सगळ्यात सोपी.

वॉल्टरचा बुद्ध्यांक १९७ असल्याचं मालिका सांगते. ज्या खऱ्या उद्योजकाच्या आयुष्यावरून ती बेतली, त्यांच्या दाव्यांवर त्या वेळी पत्रकारांनीही प्रश्न उपस्थित केले होते. प्रेक्षकांनी एवढं लक्षात ठेवावं: बुद्ध्यांकाची सरासरी १००, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. प्रौढांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेक्सलर चाचणीच्या चौथ्या आवृत्तीचं प्रमाणीकरण २,२०० लोकांवर झालं आणि तिची कमाल १६० आहे. त्यापुढचे आकडे मोजायला पुरेशी माणसंच नमुन्यात नसतात. पहिल्या दहा मिनिटांत मोठा आकडा सांगणारी मालिका दाखवण्याऐवजी सांगणार, हे तिथेच ओळखावं. २०२४ मध्ये एबीसीवर आलेली ‘हाय पोटेन्शियल’ या बाबतीत थोडी शहाणी. तिच्या नायिकेचा आकडा १६० आहे आणि पोलीस ठाण्यात रात्री सफाई करताना ती फळ्यावरच्या ‘संशयित’ बाईला ‘बळी’ ठरवते तेव्हा कारणही देते. ‘एचपीआय’ या फ्रेंच मालिकेवरून बेतलेली, हलकीफुलकी, जेवताना पाहावी अशी.

दाखवण्याच्या बाजूला सगळ्यात पुढे ‘नंबर्स’. २३ जानेवारी २००५ ला सुरू झाली, सहा पर्वं, ११८ भाग. एक भाऊ एफबीआयमध्ये, दुसरा गणिताचा प्राध्यापक. पहिल्या भागात लॉस एंजेलिसमध्ये एकामागून एक हल्ले होतायत आणि नकाशावर त्यांची ठिकाणं आहेत. पुढचा हल्ला कुठे होईल, हे पोलिसांना हवंय. चार्ली बागेतल्या पाण्याच्या फवाऱ्याकडे बोट दाखवतो: पुढचा थेंब कुठे पडेल हे सांगता येणार नाही, पण पडलेले थेंब पाहून फवारा कुठे आहे ते काढता येईल. प्रश्नच उलटा करायचा. फळ्यावरचं सूत्र सजावटीचं नाही. व्हँकुव्हरच्या पोलीस दलातल्या किम रॉस्मो यांनी नव्वदच्या दशकात मांडलेलं आहे. त्यातली कल्पना सोपी: गुन्हेगार फार लांब जात नाही, पण स्वतःच्या दाराशीही गुन्हा करत नाही. त्यामुळे घराभोवती थोडी मोकळी जागा, मग शक्यतेचा चढ, मग अंतरागणिक उतार. प्रत्येक ठिकाणासाठी असे नकाशे काढून एकावर एक ठेवले की एक पट्टा गडद होतो.

चार्लीचा पहिला पट्टा चुकतो. त्यानं एकच केंद्र धरलेलं असतं. माणसाला घर असतं तसंच कामाचं ठिकाणही असतं, हे राहून गेलेलं. दोन केंद्रं धरल्यावर गणित जुळतं. सूत्र बरोबर, गृहीतक चूक, हा फरक इतक्या स्वच्छपणे फार थोड्या मालिकांनी दाखवलाय. मागे कॅलटेक या विद्यापीठाच्या गणित विभागाचे गॅरी लॉर्डन सल्लागार होते आणि अमेरिकेतल्या गणितशिक्षकांच्या संघटनेनं मालिकेच्या जोडीनं वर्गात वापरायचे उपक्रमही काढले होते. आठवी-नववीला गणित शिकवणाऱ्यांनी फवाऱ्याचा प्रसंग तेवढा वर्गात दाखवावा. पूर्ण भाग नको, कारण गुन्हे बलात्कार आणि खुनाचे आहेत.

तोटा असा की चित्रण आता जुनं वाटतं, आणि अधूनमधून गणिताचं नाव घेऊन पुढे सरकणारे भाग आहेत. ११८ भाग सलग पाहायचे म्हणजे ऐंशी तासांवर जातं. पहिलं पर्व १३ भागांचं आहे. तेवढं पाहून थांबलात तरी काही अर्धवट राहत नाही. ‘स्कॉर्पियन’चं मात्र उलट: ९३ भागांनंतर २०१८ मध्ये ती बंद झाली आणि शेवटचा भाग गोष्ट लोंबकळत ठेवतो. शेवटाची ओढ असणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं.

एक गोष्ट या दोन्हींना लागू. अमेरिकी वाहिन्यांचा पहिला भाग वाहिनीला मालिका विकण्यासाठी केलेला असतो. त्याला वेळ आणि पैसा जास्त मिळतो. ‘स्कॉर्पियन’चा पहिला भाग जस्टिन लिन यांनी केला, जे मोटारींच्या थरारपटांसाठी ओळखले जातात, फेरारी तिथूनच आली. नेहमीचा भाग आठ-नऊ दिवसांत उरकावा लागतो. त्यामुळे अशा मालिकेवर मत बनवायचं तर तिसरा किंवा चौथा भाग पाहून बनवावं. सलग गोष्ट सांगणाऱ्या ओटीटी मालिकांचं तसं नसतं. त्यांच्या पहिल्या भागाचा सूर शेवटपर्यंत तोच राहतो, फक्त वेग बदलतो.

‘रॉकेट बॉइज’ सोडणारे बहुतेक जण या वेगामुळेच सोडतात. सोनी लिव्हवर ४ फेब्रुवारी २०२२ ला पहिलं पर्व आलं, मार्च २०२३ मध्ये दुसरं. दोन्ही आठ-आठ भागांची, हिंदीत. नाव वाचून रॉकेट पाहायला बसलेल्यांना पहिल्या भागात मिळतो १९६२ च्या युद्धानंतरचा अणुबॉम्बवरचा वाद आणि मग १९४० च्या दशकातलं बेंगळुरू: सर रामन, होमी भाभा, विक्रम साराभाई, मृणालिनी. थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेलं रॉकेट यायला बराच वेळ लागतो. पण ही मालिका कोड्यांची नाहीच. हुशार माणूस संस्था कशी उभी करतो, पैसा कुठून आणतो, पंतप्रधानांना कसं पटवतो, यात तिचा जीव आहे. भाभांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि १९४५ मध्ये टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सुरू झाली. बेंगळुरूत आरंभ होऊन त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. कुलाब्याची इमारत नंतरची. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. मुंबईकरांनी हे एवढं डोक्यात ठेवून मालिका पाहिली तर कागदपत्रांचे आणि बैठकांचे प्रसंग कंटाळवाणे वाटत नाहीत.

जिम सर्भचे भाभा पहिल्या पाच मिनिटांत पकडतात. दुसऱ्या पर्वासाठी त्याला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. इश्वाक सिंगचे साराभाई सावकाश पोचतात, दोन भाग द्यावे लागतात. इतिहासाच्या बाबतीत मात्र सावध राहा. भाभांचा प्रतिस्पर्धी मेहदी रझा हे काल्पनिक पात्र आहे. भाभांशी खरोखर मतभेद असलेले शास्त्रज्ञ म्हणजे मेघनाद साहा, गरिबीतून वर आलेले, १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेलेले. त्यांच्या जागी एक मुस्लिम पात्र उभं करून त्याच्याभोवती संशयाचं वातावरण तयार करणं अनेक प्रेक्षकांना खटकलं, आणि ते खटकायलाच हवं. दुसऱ्या पर्वात भाभांच्या मृत्यूला कटाची छटा दिली आहे. २४ जानेवारी १९६६ ला भाभा ज्यात होते ते एअर इंडियाचं बोइंग ७०७ आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळलं. अधिकृत चौकशीचा निष्कर्ष असा की विमानाच्या जागेबद्दल वैमानिकाचा गैरसमज झाला. मुलांबरोबर पाहणार असाल तर हे दोन मुद्दे भाग संपल्यावर लगेच बोलून टाका, नाहीतर तेच इतिहास म्हणून लक्षात राहतं.

बुद्धिबळावरची ‘द क्वीन्स गॅम्बिट’ नेटफ्लिक्सवर २३ ऑक्टोबर २०२० पासून आहे. सात भाग, सगळे मिळून साडेसहा तासांच्या आसपास. पहिला भाग केंटकीतल्या अनाथाश्रमात घडतो: तळघरात पटासमोर एकटे बसलेले शायबेल, त्यांच्याकडून खेळ शिकणारी नऊ वर्षांची बेथ, आणि रात्री छतावर उलटी उमटणारी सोंगटी. शायबेल तिला नियम फार थोडे सांगतात; ती पाहून पाहून शिकते, हरते, चिडते, पुन्हा येते. पटावरच्या डावांसाठी माजी विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह आणि बुद्धिबळ प्रशिक्षक ब्रूस पँडोल्फिनी सल्लागार होते, त्यामुळे खेळणाऱ्यांना सोंगट्या चुकीच्या जागी दिसत नाहीत. शेवटचा डाव १९९३ च्या, स्वित्झर्लंडमधल्या बील इथल्या इव्हान्चुक–वोल्फ सामन्यावर बेतलाय. खरा सामना बरोबरीत सुटला होता.

इथे चूक वेगळ्या जागी झाली. शेवटच्या भागात जॉर्जियाच्या माजी महिला विश्वविजेत्या नोना गाप्रिंदाश्विली पुरुषांशी कधी खेळल्या नाहीत, असं एक वाक्य आहे. प्रत्यक्षात १९६८ पर्यंत त्या किमान ५९ पुरुष खेळाडूंशी खेळल्या होत्या. त्यांनी २०२१ मध्ये दावा लावला आणि २०२२ मध्ये तो तडजोडीनं मिटला.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातच, बाटुमीत, महिला विश्वचषक जिंकला. त्यानंतर बुद्धिबळाच्या क्लासला जाणारी लेकरं ही मालिका मागतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ती लावून देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. पहिल्याच भागात आईचा गाडीचा अपघात आहे, मुलांना दिल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्या आहेत आणि शेवटी त्या गोळ्यांची चोरी आहे. पुढे दारू येते, आणि गोळी घेतली की डाव सुचतो असा समज मालिका सहाव्या-सातव्या भागापर्यंत मोडत नाही. सोळा-सतराच्या मुलाबरोबर सातही भाग एकत्र पाहता येतील. लहानासाठी पहिल्या भागातले तळघरातले प्रसंग निवडून दाखवावेत, समोर पट मांडून: शायबेल बेथचा डाव चौथ्या खेळीत संपवतात तिथे थांबवून, वजिराला कुठे अडवता आलं असतं, ते मुलाला शोधू द्यावं.