बियाणं चांगलं, पिशवीवरचा हिशोब कच्चा

नरखेड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. काळी माती, ६ बाय ६ मीटरची लागवड, झाडं बारा वर्षांची. गेल्या जूनमध्ये एका एकरावर प्रयोग म्हणून आच्छादन पिकांच्या, म्हणजे माती झाकायला पेरून नंतर तिथेच कुजवायच्या पिकांच्या, बियाण्याची पिशवी आणली. ताग, धैंचा, चवळी असं मिश्रण, २० किलो, २,३०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण बियाण्याशी नाहीच. भांडण आहे पिशवीवरच्या एका ओळीशी: ‘एका हंगामात सेंद्रिय कर्ब दुप्पट’. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत साठलेला कार्बन.

आधी बियाण्याचं. ओळींमधल्या पट्ट्यात, खोडापासून चार फूट सोडून फेकलं. चौथ्या दिवशी ताग वर आला, दीड महिन्यात माझ्या कमरेच्या वर गेला. दरवर्षी निंदून निंदून जीव काढणारं गाजरगवत खाली पार दबलं. उताराच्या कोपऱ्यात पाणी साचतं, तिथे ताग पिवळा पडला, पण धैंच्यानं ती जागा सांभाळली. चवळीनं मात्र छळलं. तिचे वेल थेट झाडांवर चढले. फळांनी वाकलेल्या फांद्यांतून एकेक वेल सोडवताना आमचा सालदार वैतागला, ‘ताई, हे तं झाडालेच फाशी देऊन राह्यलं.’ दोन मजुरांचे तीन दिवस त्यातच गेले. फळबागेसाठी म्हणून विकताना वेलाची जात कशाला घालावी?

सोबतच्या पत्रकात ‘फुलोऱ्यात रोटाव्हेटरने गाडा’ असं छापलंय. ते मी ऐकलं नाही. संत्र्याची खाती मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. ती तुटली की जखमेतून बुरशी आत जाते, आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायला लावणारा बुरशीचा रोग, आमच्याकडे आधीच ठाण मांडून आहे. शिवाय ढेकळांच्या आत दडलेला जुना कर्ब मशागतीनं उघडा पडतो, जिवाणू तो खाऊन वायूच्या रूपात हवेत सोडतात. एका हातानं घालायचं आणि दुसऱ्या हातानं काढायचं, असला तो प्रकार. निम्म्या तागाला पिवळी फुलं दिसताच ब्रशकटरनं कापलं आणि जागेवरच पसरून दिलं. मुळं जमिनीत तशीच ठेवली. चिकणमातीला बिलगून मुळांचा कर्ब वरच्या पाल्यापेक्षा जास्त टिकतो.

आता ती ओळ. पिशवीसोबत माती परीक्षण फुकट होतं. पेरणीआधी कर्ब आला ०.४२ टक्के. नोव्हेंबरमध्ये कंपनीचा एक मुलगा येऊन नमुना घेऊन गेला आणि अहवाल आला ०.८१! मी त्याच्या शेजारीच उभी होते, म्हणून हसू आलं. त्यानं वरचा पाला न सारताच खुरप्यानं चार बोटं माती खरवडली होती. अर्धवट कुजलेल्या काड्या त्या थैलीत गेल्याच असणार. मी मग पाला बाजूला सारून, व्ही आकाराचे खड्डे करून, पेरणीआधी घेतला होता तितक्याच खोलीचा नमुना दहा ठिकाणांहून घेतला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला. ०.४५.

पाटीवरचं गणितही तेच सांगतं. एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थराची माती साधारण साडेआठ लाख किलो भरते. ०.४२ चे ०.८१ करायचे तर त्यात ३,३०० किलो कर्ब नव्यानं साठायला हवा. मी कापताना एक चौरस मीटर तोलला होता, हिरवा पाला १ किलो ८०० ग्रॅम. झाडांखालची जागा वगळून एकरी साडेचार टनांच्या आत बसतो. वाळला की त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो, आणि त्यात निम्म्याहून कमी कर्ब. म्हणजे पाचशे किलोसुद्धा नाही. मुळं धरली तरी हिशोब जुळत नाही. त्यातलाही बराचसा वर्षभरात कुजून हवेत जातो. आणि ०.४२ चे ०.४५ झाले हीसुद्धा वाढच आहे, असं मी छातीठोक म्हणणार नाही. एवढा फरक दोन नमुन्यांत सहज पडतो. तीन-चार वर्षं सलग पेरून, दरवेळी त्याच महिन्यात, त्याच खोलीवर मोजलं तर काही बोलता येईल.

पैसे वाया गेले का? नाही. सप्टेंबरच्या सरीनंतर शेजारच्या उघड्या एकरात पाणी थांबलं होतं, माझ्या पट्ट्यात मुरलं. पाला उचलला की खाली गांडुळांच्या विष्ठेचे बारीक मणी दिसतात. जानेवारीत बहरासाठी झाडांचं पाणी तोडतो, त्या ताणात भेगा उशिरा पडल्या. हे सगळं पिशवीवर छापलं असतं तरी मी घेतली असती.

यंदा मिश्रण नाही. सुटा ताग १८ किलो आणि खालच्या कोपऱ्यापुरता दोन किलो धैंचा सांगून ठेवलाय. मातीचा नमुना मात्र मीच काढणार.