जीबीएचे गेम आज कशावर खेळावेत: जुनं एसपी, ४:३ चा चिनी हँडहेल्ड की ३:२ चा?

जुने हँडहेल्ड गेम खेळायला कोणतं यंत्र घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: कुठले गेम? सगळंच चालवणारं यंत्र शोधायला निघालं की बजेट वाढत जातं, आणि हातात येतं ते सगळं चालवणारं पण मनासारखं काहीच न चालवणारं. माझ्यापुरता प्रश्न सरळ होता. मला निन्टेंडोच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचे, म्हणजे जीबीएचे गेम खेळायचे होते. अ‍ॅडव्हान्स वॉर्स, मेट्रॉइड फ्यूजन, पोकेमॉन एमराल्ड ही मंडळी रोजची. सुपर निन्टेंडो आणि पहिलं प्लेस्टेशन कधीतरी सणावारी. तुमचा कल असाच असेल तर पुढचं तुमच्या कामाचं आहे. मुख्य ओढा प्लेस्टेशनकडे असेल तर माझा कौल थोडा बाजूला ठेवून वाचा.

फोनपासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यांकडे आहे. अँड्रॉइडवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारे प्रोग्रॅम, कित्येक वर्षं आहेत आणि एप्रिल २०२४ मध्ये डेल्टा हा एम्युलेटर आल्यापासून आयफोनवरही सोय झाली. चित्र सुरेख दिसतं, यात वाद नाही. पण बी बटण दाबून धरून पळायचं आणि त्याच अंगठ्याच्या बुडाने ए दाबून उडी मारायची, हे काचेवर जमत नाही. अंगठा कधी बटणावरून सरकला ते पात्र खड्ड्यात पडल्यावर कळतं. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळांना फोन पुरतो. अ‍ॅडव्हान्स वॉर्सला तर छानच. तेव्हा पैसे घालण्याआधी एक-दोन आठवडे फोनवर खेळून बघा, मधल्या वर्षांत आपली आवड टिकली आहे का हे फुकटात कळतं.

आता अस्सल यंत्र. माझ्याकडे गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आहे, त्यातलं एजीएस-१०१ हे नंतरचं मॉडेल. शोधत असाल तर हाच नंबर मागच्या लेबलवर बघून घ्या. २००३ चं पहिलं एसपी समोरून उजेड टाकतं, त्यामुळे चित्र धुरकट दिसतं. १०१ चा पडदा मागून उजळतो. लेबल खरवडलेलं असेल तर उजेडाचं बटण दाबून पाहा. पहिल्या मॉडेलात उजेड पूर्ण बंद होतो, १०१ मध्ये फक्त कमी-जास्त होतो.

एसपीवर खेळण्याची मजा वेगळीच आहे आणि ती मी नाकारणार नाही. झाकण उघडलं, बटण सरकवलं की काही क्षणांत गेम सुरू; ना मेन्यू, ना सेटिंग. गेमबॉय आणि गेमबॉय कलरच्या कॅसेटही चालतात. केबल लावून समोरासमोर दोघांनी खेळायचं असेल तर आजही याच्याइतकं बिनघोर काही नाही. आणि काही कॅसेटमध्ये स्वतःचीच यंत्रणा असते: बोकटाईच्या कॅसेटवर सूर्यप्रकाश मोजणारा सेन्सर आहे, वारिओवेअर ट्विस्टेडमध्ये यंत्र फिरवलं की ते ओळखणारा. असे गेम खरे खेळायचे तर खरी कॅसेट आणि खरं यंत्रच हवं.

मग अडलं कुठे? एसपीला हेडफोनचं भोक नाही. चार्जिंगच्या जागी वेगळा अडॅप्टर लावावा लागतो, तो लावला की सहसा चार्जिंग बंद. घरात झोपलेल्या माणसांमध्ये किंवा लोकलमध्ये खेळणाऱ्याला ही अडचण लहान नाही. त्याहून मोठी अडचण कॅसेटची. आपल्याकडे हाती येणाऱ्या जुन्या कॅसेट बऱ्याचदा नकली असतात आणि नकलीतला सेव्ह कधी उडेल याचा नेम नाही. अस्सल जीबीए कॅसेटच्या लेबलवर सहसा दोन आकड्यांचा दाबून उठवलेला ठसा असतो. तिरक्या उजेडात धरला की दिसतो. शिवाय पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरसारख्या जुन्या कॅसेटमध्ये सेव्ह बटणसेलवर टिकतो. सेल गेला की सेव्हही गेला. रुबी, सफायर, एमराल्डमध्ये सेलवर फक्त घड्याळ चालतं, सेव्ह सुरक्षित राहतो. सेल बदलता येतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सोल्डरिंगला हात बसलेला माणूस सापडतो, पण जुना सेव्ह त्याला परत आणता येत नाही. तुमच्याकडे जुन्या अस्सल कॅसेट असतील तर आधी यूएसबी रीडरने गेम आणि सेव्ह दोन्ही संगणकावर उतरवून ठेवा. मग कुठलंही यंत्र घ्या.

(अस्सलच हवं पण एसपी परवडत नसेल तर २००६ चं डीएस लाइट बघा. खालच्या खाचेत जीबीएची कॅसेट बसते, पडदा उजळ आहे आणि हेडफोनही लागतो. फक्त त्याआधीच्या गेमबॉयच्या कॅसेट त्यात चालत नाहीत.)

आता खरी लढत: लिनक्सवर चालणारे आणि एम्युलेटरने गेम खेळवणारे छोटे चिनी हँडहेल्ड. यात दोन घराणी आहेत असं म्हणू. एका बाजूला ६४० बाय ४८० चा, ३.५ इंची ४:३ (रुंदी-उंचीचं प्रमाण) पडदा असलेली यंत्रं: मियू मिनी प्लस, अ‍ॅनबर्निक आरजी ३५ एक्सएक्स, त्याचंच झाकणवालं भावंड आरजी ३५ एक्सएक्स एसपी. दुसऱ्या बाजूला ७२० बाय ४८० चा, ३.४ इंची ३:२ पडदा असलेलं आरजी ३४ एक्सएक्स आणि त्याचं झाकणवालं रूप.

मी आधी ४:३ वालं वापरलं. बहुतेकांची शिफारस तीच असते आणि ती वावगी नाही. मियूवर ओनियन नावाची लोकांनी बनवलेली प्रणाली टाकता येते, तिच्याइतकी सुटसुटीत प्रणाली या किमतीत मी पाहिलेली नाही. बटण दाबून बंद केलं की गेम जिथे होता तिथे आपोआप सेव्ह होतो, पुन्हा चालू केलं की थेट तिथूनच पुढे. दादर आलं की खिशात, बसायला जागा मिळाली की पुन्हा सुरू.

पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. जीबीएचं चित्र २४० बाय १६० चं. ते ६४० रुंदीवर ताणायचं तर अडीचपटीहून थोडं जास्त, २.६७ पट करावं लागतं. अर्धामुर्धा पिक्सेल तर काढता येत नाही. मग मूळच्या तीन पिक्सेलना पडद्यावरची आठ घरं वाटून मिळतात: दोघांना तीन-तीन, एकाला दोन. कुणाला कमी पडतं हे पडद्यावरच्या जागेवर ठरतं, चित्रावर नाही. म्हणून अ‍ॅडव्हान्स वॉर्सच्या मजकुरात एकाच ओळीतलं एक उभं अक्षर जाड दिसतं, त्याच्या शेजारचं बारीक. तिथपर्यंत मी सोडून दिलं असतं. पण मेट्रॉइड फ्यूजनमध्ये नायिका सॅमस पळायला लागली की मागच्या भिंतीवरची प्रत्येक उभी रेष सरकता सरकता जाड-बारीक, जाड-बारीक होत जाते. सगळी भिंत सळसळते. ज्यांनी इतकं नेटकं पिक्सेलकाम केलं त्यांचं काम असं विस्कटलेलं बघवत नाही.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. फिल्टर लावून कडा मऊ करता येतात. त्यातला शार्प बायलिनिअर हा प्रकार बरा आहे, सळसळ बरीच कमी होते, पण बारीक अक्षरांवर हलकी धूळ बसल्यासारखं वाटतं. दुसरा उपाय बरोबर दुप्पट करण्याचा, ४८० बाय ३२०. चित्र लख्ख येतं, मात्र ३.५ इंचाच्या पडद्यावर ते जेमतेम अडीच इंचाचं उरतं आणि भोवती काळी चौकट. २००१ च्या पहिल्या जीबीएचा पडदाही २.९ इंचाचा होता. नवीन यंत्र घेऊन मूळपेक्षा लहान चित्र बघायचं, हे मनाला पटेना.

३:२ वाल्या यंत्रात हा गुंताच नाही. ७२० बाय ४८० म्हणजे २४० बाय १६० ची बरोबर तिप्पट. प्रत्येक पिक्सेलला तीन बाय तीनचा चौकोन, चित्र काठोकाठ, ना फिल्टर ना चौकट. पडदा ३.५ ऐवजी ३.४ इंच म्हणून बिचकू नका. ४:३ वर जीबीएचं चित्र ताणलं तरी ते साधारण २.८ इंच रुंद असतं, आणि ३:२ वरही तेवढंच. आकार सारखाच, स्वच्छपणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यांदा फ्यूजन लावला तेव्हा भिंत भिंतीसारखी उभी राहिली, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

आकाराचाही मुद्दा आहे, पण तो हातागणिक बदलेल. आरजी ३४ एक्सएक्स मूळ जीबीएसारखं आडवं आहे, एल आणि आर ही बटणं खांद्यांवर येतात आणि बोटं आपोआप तिथे जातात. उभ्या यंत्रात ती पाठीमागे असतात. माझे हात मोठे आहेत, म्हणून अर्ध्या तासात अवघडायचे. लहान हाताच्या माणसाला हे जाणवणारही नाही.

या निवडीत सोडावं काय लागतं तेही सांगायला हवं. ओनियन मियूसाठीच आहे. आरजी ३४ एक्सएक्सवर मूऑस किंवा क्नुल्ली टाकता येतं, दोन्ही प्रणाली चांगल्या, पण ओनियनचा तो घडीव सहजपणा मला त्यांत पूर्ण मिळाला नाही. सुपर निन्टेंडो आणि प्लेस्टेशनचं ४:३ चित्र ३:२ वर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून येतं आणि साधारण ३.१ इंचाचं होतं. आठवड्यातले बरेच तास तेच खेळणार असाल तर ४:३ घेणंच शहाणपणाचं. मूळ गेमबॉयला मात्र काही फरक पडत नाही, तो दोन्हीकडे नेमक्या तिपटीने बसतो.

अ‍ॅनालॉग पॉकेटचं नाव निघेलच. मित्राच्या हातात पाहिलं आहे, वस्तू देखणी आहे. त्याचा १६०० बाय १४४० चा पडदा मूळ गेमबॉयच्या बरोबर दहापट आहे, आणि पिक्सेल इतके बारीक की जीबीएचा भागाकार सरळ आला नाही तरी डोळ्याला कळत नाही. कॅसेटही थेट बसते. अस्सल कॅसेटचा संग्रह असेल तर हौसेला मोल नाही. माझ्याकडे तसा संग्रह नाही, आणि दोनशे डॉलरवरची किंमत अधिक कस्टम ड्यूटी हा हिशेब मला जमला नाही.

खरेदीबद्दल थोडं. अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे ही यंत्रं इथल्या ऑनलाइन दुकानांत आयात करणाऱ्यांकडून चढ्या भावाने घ्यावी लागतात किंवा परदेशातून येणाऱ्या कुणाला सांगावं लागतं. पहिला मार्ग महाग, पण परत करण्याची मुदत मिळते, म्हणून मी तोच घेतला. यंत्रासोबत येणाऱ्या बिननावाच्या मेमरी कार्डवर विसंबू नका. पहिल्याच दिवशी नावाजलेल्या कंपनीचं कार्ड घाला. आणि रंग डोळ्यांवर आले तर एम्युलेटरमधलं कलर करेक्शन चालू करा. पहिल्या जीबीएच्या पडद्याला उजेडच नव्हता, म्हणून बऱ्याच गेमचे रंग मुद्दाम भडक ठेवलेले आहेत.

माझा भाचा आता ते ४:३ वालं यंत्र वापरतो आणि त्याला ही सळसळ दिसतच नाही. तुम्हालाही कदाचित दिसणार नाही. घरच्या संगणकावर एमजीबीए हा एम्युलेटर उघडा, फिल्टर बंद करा, खिडकी आधी ६४० रुंदीची करा आणि मग ७२० ची, आणि दोन्हींत पात्राला थोडं पळवून मागच्या रेषांकडे बघा. फरक जाणवला नाही तर बेलाशक मियू घ्या, ओनियन तुम्हाला आवडेल. जाणवला तर ३:२ शिवाय दुसऱ्या कशावर समाधान होईल असं मला वाटत नाही.